पोटावर राख, हातात फुगा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तांजुंग मुल्यो गावाचे प्रमुख, माननीय पाक सुतारमान, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, महिला मंडळाच्या अध्यक्षा बू विनार्नी, कच्च्या रस्त्याचे हाल सोसून जिल्हा शिक्षण कार्यालयातून आलेले पाहुणे, आपल्या मशिदीचे इमाम, आदरणीय पाक मुस्तोफा, शाळेचे मुख्याध्यापक, जिच्यासाठी आपण जमलो ती आपली विज्ञानाची बाई, बू पुर्वांती, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, ज्यांच्यातल्या निम्म्या पोरांची नाळ मी या हातांनी कापली आहे, तुम्हा सर्वांना तुमच्या सुईणीचा, बू तुर्सिनाहचा सलाम.

अध्यक्षांचे चिरंजीव रादित्या यांनी सुरुवातीला जे स्वागतगीत म्हटलं, ते फार गोड होतं. मंडप छान सजलाय. पिवळ्या भाताचा डोंगर तर असा रचलाय की त्याचा शेंडा कापायला जीव धजावू नये. संयोजकांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. आता मला सांगा, सुईणीचं कुठलं काम आजवर तीन मिनिटांत झालंय? तेव्हा घड्याळाकडे बघू नकोस, सुतोपो. तुझ्या वेळी मी अख्खी रात्र बसले होते.

माझ्या आधी पाच जण बोलले. पाचही जणांनी त्या फोटोची तारीफ केली. ‘गावाची शान’ म्हणाले, ‘आपल्या ग्रहणाचा फोटो’ म्हणाले. खरंच आहे. गावाच्या वेशीवरच्या कमानीवर तो आहे, ग्रामकार्यालयात गावप्रमुखांच्या खुर्चीमागे तो आहे, महिला मंडळ कसावा कंदाचे काप विकतं त्या पिशवीवरही तोच आहे. काळ्या आभाळात काळा सूर्य, भोवती पांढरं कडं, आणि खाली ढगांवरून धावणारी सावली. निरोपाची भेट म्हणून ते मोठं चौकोनी काहीतरी रंगीत कागदात गुंडाळून तिथे टेकवून ठेवलंय, त्यात काय आहे हेही शेंबड्या पोरापासून सगळ्यांना ठाऊक आहे. तोच फोटो. जिने काढला तिलाच आपण तो भेट देतोय.

पण पाचांपैकी एकानेही हे सांगितलं नाही की बू पुर्वांती गाव का सोडतेय. अध्यक्षांनी ‘बढती’ असा शब्द वापरला. अध्यक्ष महाराज, आपल्याबद्दल आदर राखून सांगते, ही बढती नाही. तिने स्वतः बदली मागितली आहे. ट्रक दारात उभा आहे, निम्मा भरलाय, आणि ती का चाललीय हे या मंडपातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पुर्वांती, मान खाली घालू नकोस. तू मला ‘काही बोलू नका, बू’ म्हणून बजावलं होतंस. मी हो म्हटलं नव्हतं.

म्हणून आज कौतुक थोडं आणि संताप जास्त होणार आहे. तेवढं पोटात घ्या.

आठ वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवा. खग्रास ग्रहण नेमकं आपल्या डोक्यावरून जाणार म्हणून पालांग्का शहराच्या रस्त्याला जत्रा भरली होती. आपले म्हातारे जावा बेट सोडून इथे आले तेव्हा भांडीकुंडी कमी आणली, पण समजुती एकही मागे ठेवली नाही. काळराहू सूर्याला गिळतो, मग लाकडी उखळं बडवायची, बांबू ठोकायचे, म्हणजे तो ओकून टाकतो. ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू? मीही बडवलंय. पण त्याच समजुतीचं दुसरं टोक म्हणजे गरोदर बाई. तिने पलंगाखाली शिरायचं, पोटाला चुलीतली राख फासायची, आणि ग्रहण सुटेपर्यंत बाहेर यायचं नाही. नाहीतर काळराहू पोटातल्या बाळाचा लचका तोडतो.

मी स्वतः पलंगाखाली राहिलेली मुलगी आहे. त्र्याऐंशी सालचं ग्रहण जावात लागलं, तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं की घरात बसा, दारं-खिडक्या लावा, नाहीतर आंधळे व्हाल. आईने मला चटईसकट पलंगाखाली ढकललं. कोंबडीला टोपलीखाली झाकतात तसं. आयुष्यातला तेवढा एक सूर्य माझा होता आणि मी पलंगाच्या फळ्या मोजत पडले होते. त्याचा राग मला अजून आहे. म्हणून पुर्वांती जेव्हा दवाखान्यात तपासणीला आली आणि म्हणाली, ‘बू, मला तुमचे रबरी हातमोजे हवेत,’ तेव्हा मी विचारलं, ‘कशाला?’

म्हणाली, ‘फुगा सोडायचाय. हाताचं तेल लागलं तर रबर वर जाऊन लवकर फुटतं.’

‘कुठवर जाणार?’

‘ढगांच्या वर. विमानांच्याही वर. खाली कॅमेरा बांधणार. मार्च महिना आहे बू, त्या दिवशी ढग आले तर खालून कुणालाच काही दिसायचं नाही.’

‘आणि तुला आठवा महिना लागलाय, त्याचं काय?’

‘तो कॅमेऱ्याला नाही लागलेला,’ म्हणाली.

बघा, अशी ही बाई! विमानतळाची परवानगी तिने महिनाभर खेटे घालून मिळवली होती. परवानगी नव्हती ती फक्त गावाची. पाक सुतारमान, आपण तेव्हा शाळेत येऊन म्हणाला होतात, ‘बू, दुसरं कुणी सोडेल की फुगा. तुमच्या अंगावर येईल आणि गावाच्याही.’ आठवतं? नसेल आठवत. फोटो आल्यावर बऱ्याच गोष्टी विसरायला होतात.

तर ती पहाट. विज्ञान मंडळात मुलं पुष्कळ होती, पण मुलग्यांना बापांनी उखळं बडवायला नेलं आणि उरलेले ग्रहणाच्या नमाजाला मशिदीत गेले. मैदानावर राहिल्या कोण? ज्यांना त्या दिवशी नमाजातून सुट्टी होती त्या चार मुली. हसू नका, पाहुण्यांना समजलंय. ज्या दिवसांत आपण त्यांना बाजूला ठेवतो, त्याच दिवसांमुळे तो फुगा आभाळात गेला. त्या चौघींत एक आता नर्स झालीय, ती बघा मागे उभी आहे. माझेच हातमोजे घालून त्यांनी तो पांढरा फुगा धरला, पुर्वांतीने सिलिंडर उघडला आणि फुगा शाळेच्या छपराएवढा वाढत गेला.

एवढ्यात तिच्या सासूबाई आल्या. आजी पाइनेम, अल्लाह त्यांना शांती देवो. एका हातात राखेची वाटी, दुसऱ्या हातात छत्री.

‘पोटात बाळ आहे की दगड?’ म्हणाल्या.

‘बाळ आहे आई. लावा राख, पण लवकर लावा. फुगा ओढतोय.’

म्हातारीने सगळ्यांसमोर सुनेच्या पोटाला राख फासली आणि तोंडाने पुटपुटत राहिली, ‘वाईट टळो, बाळ जपो.’ मला वाटलं आता हिला ओढत घरी नेणार. पण पुर्वांती काही हलेना. तेव्हा म्हातारीने काय केलं? छत्री उघडली आणि सुनेच्या पोटावर धरून उभी राहिली! ‘सूर्या, बघायचं तर माझ्या छत्रीकडे बघ,’ म्हणाली. एवढी माया या गावात एका म्हातारीकडे होती. बाकीच्यांकडे कुठे गेली?

फुग्याचं तोंड बांधायची वेळ आली तेव्हा मुलींच्या गाठी सुटायला लागल्या. मी म्हटलं, सरा बाजूला. नाळ बांधायचा दोरा माझ्या पिशवीत होताच. पीळ दिला, दुमडलं, दोन ठिकाणी आवळून बांधलं. अहो, इतकी वर्षं मी दुसरं करतेय काय? खाली मासळीचा थर्माकोलचा डबा, त्यात दुपट्यात गुंडाळलेला कॅमेरा आणि ठावठिकाणा सांगणारं यंत्र. डब्यावर पुर्वांतीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हा बॉम्ब नाही. कृपया फोन करा.’ खाली नंबर माझा, कारण सुईणीचा फोन कधी बंद नसतो. मग तिने हात सोडला. आम्ही सगळ्याजणी तोंड वर करून बघत राहिलो आणि तो ढगात शिरला.

पुढे काय झालं ते तुम्ही जाणता. ढग हटलेच नाहीत. भर सकाळी मिट्ट काळोख झाला, कोंबडे गप्प झाले, उखळं दणाणली, पुन्हा उजाडलं, आणि सूर्य कुणालाच दिसला नाही. जत्रेतली माणसं शिव्या घालत परत गेली. आणि तिसऱ्या दिवशी मला फोन आला, पामच्या मळ्यातल्या पहारेकऱ्याचा. ‘बाई, तुमचा मासळीचा डबा आभाळातून पडलाय. आमचा कुत्रा त्याच्यावर बसलाय, उठत नाही. वास फार आहे. बॉम्ब नाही ना नक्की?’

तो डबा उघडला आणि या गावाला त्याचं ग्रहण मिळालं. मलाही मिळालं. पलंगाखाली हरवलेला माझा सूर्य मी प्रौढपणी त्या फोटोत पाहिला आणि भर शाळेत रडले. तेव्हा अख्खं गाव पुर्वांतीला डोक्यावर घेऊन नाचत होतं. एक महिना.

एक महिन्याने ती बाळंत झाली. मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला.

त्या दिवसापासून या गावाने काय केलं ते मी आज पाहुण्यांसमोर सांगणार आहे. लाज वाटली तर वाटू दे. बाळाला बघायला आलेल्या बायका दारातूनच पोटावर हात फिरवत ‘वाईट टळो’ म्हणत परतल्या. विहिरीवर बोलणं सुरू झालं, ‘आईने सूर्याला डिवचलं, काळराहूने लेकीचा ओठ खाल्ला.’ पालांग्काला शस्त्रक्रिया झाली, ओठ शिवला गेला, दूध पिता येऊ लागलं, बोलता येऊ लागलं. पण पोर शाळेत गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिला नाव पडलं. ‘ए ग्रहण! ग्रहण, इकडे ये!’ मुलांनी हे नाव कुठून आणलं? मुलं घरात ऐकतात तेच शाळेत आणतात.

आणि फोटो? फोटो काही कुणी उतरवला नाही! फोटो कमानीवर तसाच राहिला. कापांच्या पिशव्या खपत राहिल्या. म्हणजे ग्रहण गावाचं, आणि पाप तेवढं पुर्वांतीचं? हा कुठला न्याय? आपल्याकडे कुर्बानीच्या बैलाचे वाटेसुद्धा असे करत नाहीत.

इमामसाहेब, आपण इथे आहात म्हणून विचारते. त्या सकाळी नमाजानंतर आपण काय सांगितलं होतं? आपण सांगितलं होतं की सूर्याला आणि चंद्राला ग्रहण कुणाच्या मरणासाठी लागत नाही, आणि कुणाच्या जन्मासाठीही नाही. मान हलवताय, म्हणजे माझी आठवण बरोबर आहे. मशिदीत सगळ्यांनी ‘आमीन’ म्हटलं आणि घरी येऊन एका तान्ह्या पोरीच्या जन्माला ग्रहण लावलं.

धर्माचं इमामसाहेबांनी सांगितलं, आता माझ्या धंद्याचं मी सांगते. बाळाचा ओठ पोटात कधी जुळतो? तिसरा महिना सरायच्या आत. ग्रहण लागलं तेव्हा पुर्वांतीला आठवा महिना होता. जे व्हायचं होतं ते ग्रहणाच्या पाच महिने आधी होऊन गेलं होतं. काळराहू काय, कुणीही आला असता तरी त्याला खायला काही उरलं नव्हतं. हे मी विहिरीवर सांगितलं, लसीकरणाच्या दिवशी सांगितलं, लग्नाच्या मांडवात सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. ‘हो हो बू, तुमचं शिक्षण झालंय,’ म्हणायच्या आणि पुन्हा पोटावरून हात फिरवायच्या.

मी आज का बोलतेय तेही सांगते. परवा मी सामान बांधायला मदत करायला गेले होते. भिंतीवरून पुर्वांतीने तो फोटो उतरवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. तर पोरगी म्हणाली, ‘आई, हा नको ना नेऊया. यानेच मला असं केलं ना?’

आठ वर्षांची पोर! तिच्या आईने केलेलं जगातलं सर्वांत सुंदर काम, आणि त्याची तिला भीती वाटते. पुर्वांतीच्या हातातला कागद तसाच राहिला. तिने लेकीला समजावलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. आईने कितीही सांगितलं तरी एका आईचं बोलणं कुठे आणि अख्ख्या गावाचं कुठे! त्या दिवशी मी ठरवलं की मी बोलणार. त्यांना अडवायला नाही. त्या जाणार, जाऊ देत. पण हे नाव त्या ट्रकमध्ये चढता कामा नये. ते ज्यांनी दिलं त्यांनी ते इथेच परत घ्यावं. मला दुसरं काही नको.

काय म्हणालात, पाक सुतारमान? ‘विषय निरोपाचा आहे’? बरोबर आहे. मी निरोपाचंच बोलतेय.

आता शेवटचं एक. सुईणीच्या तोंडाला टाका असतो, तो मी आज उसवणार नाही. पण एवढं सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही. त्याच हंगामात, याच गावात, माझ्या हातून आणखी एक बाळ जन्मलं. ओठ तस्साच दुभंगलेला. त्याची आई ग्रहणाच्या दिवशी पहाटेपासून पलंगाखाली होती. राख लावून, पडदे ओढून, तोंडावर पदर घेऊन. तिने बाहेर बोटसुद्धा काढलं नव्हतं. मग त्या बाळाचा ओठ कुणी खाल्ला? सांगा ना! बोटांवर हिशेब करू नका. एकमेकींच्या तोंडाकडे बघू नका. मी नाव घेणार नाही. आज नाही, मरतानाही नाही. त्या आईचं काहीही चुकलेलं नाही. जशी पुर्वांतीचीही काही चूक नव्हती. एवढंच मला…

बू विनार्नी? पाणी हवंय का? बसा ना, बसून घ्या.

नाही? काय म्हणताय? थांबा, माईक… नको? बरं. मागे ऐकू येत नाहीये, मी सांगते. त्या म्हणताहेत, ‘पलंगाखाली मी होते.’

गप्प बसा सगळे! बोलू द्या त्यांना.

त्या म्हणताहेत, ‘रादित्या अंगणातल्या पायरीवर पडला नव्हता. ओठावरच्या खुणेसाठी आम्ही तसं सांगितलं. त्याला वर्षभर आजोळी ठेवला तो शस्त्रक्रियेसाठी. शिवून आणला.’ आणि म्हणताहेत, ‘माझ्या मुलाला कुणी काही म्हणालं नाही, कारण त्याचा बाप गावप्रमुख आहे. मी गप्प राहिले. विहिरीवर बायका माझ्यासमोर बोलायच्या आणि मी घागर भरून निघून यायचे.’

बू विनार्नी, या. इकडे माझ्याजवळ या. रडायचं असेल तर रडा, इथे सगळ्या तुमच्या बहिणी आहेत. या मंडपात आज खरं बोलायला सगळ्यात जास्त बळ कुणाला लागलं असेल तर तुम्हाला. ये रे रादित्या, तू पण ये. घाबरू नकोस, तू काही केलेलं नाहीस. मघाशी गाणं म्हटलंस ना, त्याच ओठांनी म्हटलंस. फार छान म्हटलंस.

आणि पाक सुतारमान, आपणही आता त्या पाण्याच्या ग्लासाकडे बघणं पुरे करा. मुलगा आपला देखणा आहे, हुशार आहे, आणि तो दोन वर्गबंधूंच्या बरोबरीने तिला ‘ग्रहण’ म्हणून हाक मारत आला, कारण त्याला कुणी सांगितलंच नाही. त्या दोन लेकरांच्या ओठावरचा टाका एकच आहे. त्यांनी तर एकमेकांचे सगळ्यात जवळचे मित्र असायला हवं होतं.

असो. माझी वेळ कधीच संपली, सुतोपो हात हलवून दमला. संयोजकांचे आभार. मंडप घालणाऱ्यांचे, भात रांधणाऱ्यांचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे आभार, कारण आज त्याने वीज जाऊ दिली नाही. पुर्वांती, तुझे आभार मानायला मला शब्द नाहीत. तू मला माझा सूर्य परत दिलास. रबरी हातमोजे मात्र परत दिले नाहीस, ते मी सोडून देते.

आता रीतीप्रमाणे मी उणं-अधिक बोलल्याची क्षमा मागायला हवी. मागते. आवाज चढला असेल, थोरामोठ्यांचा मान राहिला नसेल, पाहुण्यांना संकोच वाटला असेल, तर मला क्षमा करा. आणि आपल्याकडे निरोपाच्या शेवटी सगळं गाव रांगेने येतं, जाणाऱ्याचे हात हातात घेतं आणि ‘वागण्यात काही चुकलं असेल, मनात काही चुकलं असेल, माफ कर’ असं म्हणतं. दर वेळी आपण ते पाठ म्हणतो, डोळे भाताच्या डोंगराकडे ठेवून. आज पाठ म्हणायचं नाही. आणि आज रांग पुर्वांतीपासून सुरू व्हायची नाही, तिच्या शेजारी पिवळा झगा घालून जी बसलीय, तिच्यापासून होईल. लहान आहे म्हणून हरकत घेऊ नका. तिच्यासमोर वाकायचं, तिचे हात हातात घ्यायचे, माफी मागायची आणि तिला तिच्या नावाने हाक मारायची.

ते नाव तिच्या आईने तिला पहिल्याच दिवशी दिलं. ओठ अजून शिवलेला नव्हता, बायका दारातून परत जात होत्या, आणि ही बाळाला छातीशी धरून मला म्हणाली, ‘लिहा बू. जिच्यावर डाग नाही, ती.’ मी लिहिलं. तुमच्यातल्या किती जणांना ते ठाऊक आहे, मला कळू दे.

तिचं नाव निर्मला आहे. पाक सुतारमान, रांगेत पहिला नंबर आपला.